छापील नियमामागे कोण उभे आहे?

बारावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, की महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एक साधा प्रश्न विचारला जातो: अमुक कोर्सला जायचे तर कोणती परीक्षा द्यावी लागेल? उत्तर देणाऱ्यांची वाण नसते. क्लासवाले सांगतात, सायबर कॅफेवाला सांगतो, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेला आतेभाऊ सांगतो, व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पीडीएफ टाकते, यूट्यूबवर लाल अक्षरांत 'मोठा बदल' झळकतो. माहितीचा तुटवडा हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दुखणे होते. आजचे दुखणे वेगळे आहे. हाती आलेल्या दहा उत्तरांपैकी कोणते चुकले तर त्याची भरपाई कोण करणार, हे कुणालाच ठाऊक नसते. माहिती विश्वासार्ह ठरते ती तिच्यामागे चूक अंगावर घेणारा कुणी उभा असेल तरच. प्रवेश परीक्षांच्या बाबतीत आपल्याकडे तसा कुणी उभा नाही. चुकीचा सगळा खर्च सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर ढकललेला आहे, आणि 'नीट चौकशी करायला हवी होती' हे त्यावरचे ठरलेले उत्तर आहे.

चौकशी नीट करायची म्हणजे काय, हे आधी पाहू. 'कोणती परीक्षा' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार प्रश्न दडलेले असतात. किमान पात्रता कोण ठरवते? अभियांत्रिकीला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, वैद्यकीयला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. परीक्षा कोण घेते? 'नीट' आणि जेईई मेन राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते, एमएचटी-सीईटी राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपला सीईटी सेल घेतो. जागा कोण वाटते? एमबीबीएसच्या सरकारी जागांपैकी पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची समिती वाटते आणि उरलेल्या राज्य वाटते. गुण एकाच 'नीट'चे, पण नोंदणी दोन ठिकाणी. 'नीट' दिली म्हणजे राज्याच्या यादीत नाव आपोआप येते असे समजणारा विद्यार्थी इथेच चकतो. आणि चौथा प्रश्न कागदपत्रांचा: अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, प्रत्येकाचे कार्यालय निराळे. त्यातही बी.फार्म.ला सीईटी लागते, डी.फार्म.ला बारावीचे गुण चालतात. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला राज्याची सीईटी, पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना 'क्लॅट'. पशुवैद्यकाला आणि फिजिओथेरपीला 'नीट', हे तर कित्येकांना फॉर्मची मुदत संपल्यावरच कळते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात उमेदवारीचे ए पासून ई पर्यंत प्रकार आहेत. त्यांतला ई हा महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी आहे. निपाणी-खानापूरच्या मुलासाठी ही तरतूद म्हणजे प्रवेशाचा अख्खा दरवाजा आहे, पण ती त्याला सांगणारा माणूस त्याच्या कॉलेजात असेलच असे नाही.

एवढी गुंतागुंत एकदा शिकून घेतली की झाले, असेही नाही. कारण हे सगळे दरवर्षी हलत असते, आणि किती हलते याचा मासला २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत मिळतो. २०१३ मध्ये वैद्यकीयसाठी देशभर 'नीट' झाली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. मग २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश राज्याच्या सीईटीवर झाले, आणि नेमकी त्याच दोन वर्षांत अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेनवर. म्हणजे डॉक्टर व्हायचे तर राज्याची परीक्षा, इंजिनिअर व्हायचे तर केंद्राची. २०१६ मध्ये अभियांत्रिकी परत सीईटीकडे आली. वैद्यकीयचे त्या वर्षी जे झाले ते तारखांसकट वाचावे. ११ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ चा आपला निकाल मागे घेतला. २८ एप्रिलला यंदाच 'नीट' घ्या असा आदेश दिला. पहिला टप्पा अवघ्या तीन दिवसांवर, १ मे रोजी. ५ मेला महाराष्ट्रात ठरल्याप्रमाणे सीईटी झाली. ९ मेला न्यायालयाने राज्यांची विनंती फेटाळली; म्हणजे चार दिवसांपूर्वी दिलेला पेपर वैद्यकीयसाठी कुचकामी. २४ मेला राष्ट्रपतींनी वटहुकमावर सही केली आणि राज्यांच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. म्हणजे तोच पेपर पुन्हा कामाचा. २०१७ पासून 'नीट'च. एप्रिलच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत 'वैद्यकीयला कोणती परीक्षा' या प्रश्नाची तीन उत्तरे झाली, आणि प्रत्येक उत्तर त्या-त्या दिवशी अगदी अधिकृत होते. त्या काळात चुकीची माहिती देणारा क्लासवाला खोटे बोलत होता असे म्हणता येणार नाही. तो मंगळवारी खरे असलेले शुक्रवारी सांगत होता, एवढेच.

थोरल्या भावंडाचा सल्ला हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत फुकट माहितीस्रोत. या पाच वर्षांत तो सल्ला निरुपयोगी तर होताच, शिवाय घातकही होता, कारण तो स्वानुभवाच्या खात्रीने दिला जात होता. प्रवेशाच्या नियमाला वर्ष चिकटलेले असते. वर्ष काढून टाकले की नियम उरत नाही, ऐकीव गोष्ट उरते.

अलीकडचे उदाहरण हवे तर बीएमएस, बीबीए, बीसीएचे घ्या. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत आणले आणि महाराष्ट्राने त्यांना सीईटी लागू केली. तोवर बारावीच्या गुणांवर, कॉलेजच्या यादीत नाव लागले की प्रवेश, ही रीत होती. परीक्षा मे महिन्यात झाली; परीक्षेला बसलेल्यांपेक्षा जागाच जास्त, तेव्हा ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. अनेक महाविद्यालयांनी दुसरीच वाट काढली: अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम.च्या छत्राखाली मॅनेजमेंट स्टडीज असे काहीतरी केले आणि परीक्षेच्या अटीतून सुटका करून घेतली. आता बारावी झालेल्या मुलीने 'बीएमएसला सीईटी लागते का?' असे विचारले तर खरे उत्तर काय? नाव बीएमएस असेल तर लागते. बाक तेच, शिक्षक तेच, विषय बहुतेक तेच, पण नाव वेगळे असेल तर लागत नाही. हे उत्तर कोणत्याही एका सरकारी पानावर एकत्र सापडत नाही, कारण ते सांगणे कुणाचेच काम नाही. परिषद आपला नियम सांगते, सीईटी सेल आपली परीक्षा सांगतो, कॉलेज आपल्या जागा भरायच्या म्हणून जेवढे सोयीचे तेवढे सांगते.

मग अधिकृत कागद हाती धरावा आणि बाकी सगळे सोडून द्यावे, असा सल्ला सहसा दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे, कारण अधिकृत कागदांचीही उतरंड असते. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर अकरावीच्या प्रवेशासाठी राज्याने सीईटी जाहीर केली. शासन निर्णय निघाला, २१ ऑगस्ट ही तारीख ठरली, मुलांनी फॉर्म भरले, दहावी संपली तरी पुन्हा दहावीचाच अभ्यास सुरू झाला. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली. अशी परीक्षा लादण्याला कायद्याचा आधार नाही आणि इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर ती अन्याय करते, असे कारण दिले. म्हणजे शासन निर्णय अधिकृत होता, पण त्याच्या पाठीशी कायदा नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये तंत्रशिक्षण परिषदेच्या हस्तपुस्तिकेवरून 'इंजिनिअरिंगला आता गणित-भौतिकशास्त्राची गरज नाही' असे मथळे झळकले. पुस्तिकेत किमान पात्रतेच्या विषयांची यादी रुंदावली होती, एवढे खरे. पण किमान पात्रता ही खालची रेघ असते. राज्य आणि विद्यापीठ त्याहून वरची रेघ आखू शकतात, आणि महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी सीईटीत गणित आणि भौतिकशास्त्र होते तिथेच राहिले. मथळा वाचून अकरावीला गणित सोडलेल्या मुलाला परिषदेने काही खोटे सांगितले नव्हते. त्याला कुणी पुरते सांगितले नव्हते.

पण अधिकृत कागदाचा भरवसा सगळ्यात जास्त कशाने गेला असेल, तर तो मुदतवाढीने. माहितीपुस्तिकेत अर्जाची शेवटची तारीख छापलेली असते. ती तारीख येते आणि जाते, मुदतवाढ निघते; मग विलंब शुल्कासह आणखी एक. जात वैधता प्रमाणपत्राचे तेच: प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्र सक्तीचे असे छापायचे, आणि समित्यांकडे अर्ज तुंबले की पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्राला महिने वाढवून द्यायचे. एकेक मुदतवाढ घेतली तर तिच्यात माणुसकीच असते. प्रमाणपत्र वेळेत न देणे ही चूक सरकारी कार्यालयाची असताना शिक्षा विद्यार्थ्याला का, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण या सवयीने एक विचित्र गोष्ट झाली. छापील तारखेपेक्षा सायबर कॅफेवाल्याचा अंदाज जास्त बरोबर ठरू लागला. 'अहो, वाढते तारीख, घाई कशाला करता' हे त्याचे वाक्य बहुतेक वर्षी खरे होते, आणि ज्या वर्षी खरे होत नाही त्या वर्षी त्याच्या भरवशावर थांबलेली मुले बाहेर राहतात. कोणती मुले? ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुणीतरी बारावीपुढे जात आहे, ती. जाणत्या घरातला बाप दोन्ही शक्यता धरून चालतो, पहिल्या तारखेलाच अर्ज करतो. सरकार स्वतःच आपल्या शब्दाला घटका-दोन घटकांची किंमत ठेवत असेल, तर लोकांनी अफवेवर विश्वास ठेवला म्हणून त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. अनुभवाने त्यांना हेच शिकवले आहे.

या पोकळीत बाजार शिरला हे ओघानेच आले. खासगी समुपदेशक, 'ऑप्शन फॉर्म भरून देऊ' म्हणणारे, कटऑफच्या याद्या विकणारे. त्यांतले काही खरोखर अभ्यासू असतात, आणि सुविधा केंद्रावर रांगेत उभे राहून जे समजत नाही ते पाच मिनिटांत समजावून देतात. त्यांना सरसकट लुटारू म्हणणे मला पटत नाही. अडचण त्यांच्या हेतूची कमी आणि हितसंबंधाची जास्त आहे. ज्याचा क्लास 'नीट'चा आहे, तो बी.एस्सी. ॲग्रीला सीईटी चालते हे सांगायला उत्सुक कसा असेल? ज्याला कॉलेजकडून प्रवेशामागे पैसे मिळतात, तो पर्सेंटाइल आणि टक्के यांतला फरक पालकाला कशाला उलगडून दाखवील? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, काही संस्थांना दंडही झाले. पण ती जाहिरातीला लागू आहेत. क्लासच्या ग्रुपवर 'यंदा अमुक अट रद्द झाली' असे लिहिणाऱ्याला ती विचारत नाहीत.

एवढे झाल्यावर वाचकाने म्हणावे, संकेतस्थळावर सगळे आहे की! मुले वाचत नाहीत, पालक वाचत नाहीत, आणि मग ओरड करतात. या आक्षेपात तथ्य आहे. माहितीपुस्तिका सार्वजनिक असते, ती न वाचता अर्ज भरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि सीईटी सेलच्या सूचना रोज पाहणारा विद्यार्थी बहुतेक संकटांतून वाचतो. पण 'संकेतस्थळावर आहे' याचा अर्थ काय, तेही पाहावे. सरकारी संकेतस्थळ ओळखायचे कसे, तर शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते, असे शाळेत शिकवतात. महाराष्ट्राच्या सीईटी सेलचा पत्ता मात्र 'महासीईटी डॉट ओआरजी' असा आहे. 'डॉट ओआरजी' कुणीही विकत घेऊ शकतो. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा असे इशारे एनटीएला द्यावे लागलेले असताना, खरे-खोटे ओळखण्याची एकमेव सोपी खूण राज्याने स्वतःच पुसून टाकलेली आहे. आत गेल्यावर सूचनांची लांबलचक यादी; कोणत्या सूचनेने कोणती जुनी सूचना रद्द झाली हे यादीवरून कळत नाही, प्रत्येक पीडीएफ उघडून ताडावे लागते. आणि त्या पीडीएफ बहुतांश इंग्रजीत. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतून सोडवता येते. पण राज्याच्या प्रवेशाचे नियम मराठीतून समजून घ्यायचे तर वर्तमानपत्राची वाट पाहावी लागते, ही उलटी गंगा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने २००५ पासून सार्वजनिक प्राधिकरणांवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे, आणि ती स्थानिक भाषा व पोहोचण्याची परिणामकारक रीत लक्षात घेऊन प्रसृत करणे. तेव्हा मराठी माहितीपुस्तिका मागणे म्हणजे भाषाभिमानाची हौस नव्हे. ती कायद्याची किमान पूर्तता आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम बदलतात ते न्यायालयामुळे, केंद्रामुळे, साथीमुळे. परीक्षा घेणारी यंत्रणा आधीच शब्द कसा देणार? तिला शब्दाला बांधले तर ती काही सांगणेच बंद करील. २०१६ चे उदाहरण घेतले तर हा आक्षेप खराच वाटतो, कारण तिथे राज्याच्या हातात फारसे काही नव्हते. परंतु बदल करण्याचा अधिकार आणि बदलाची झळ कुणी सोसायची, हे दोन वेगळे मुद्दे आहेत, आणि त्यांची फारकत करून दाखवणारा निकाल आपल्याकडे आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेईई ॲडव्हान्स्डसाठी तीन संधी मिळतील असे जाहीर झाले. त्या भरवशावर काही विद्यार्थ्यांनी चालू प्रवेश सोडला. १८ नोव्हेंबरला घोषणा मागे घेऊन पुन्हा दोनच संधी ठेवल्या. १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन संधींचा निर्णय मोडला नाही. परीक्षेचे धोरण ठरवणाऱ्या मंडळाला ते बदलता येते हे मान्यच केले. पण त्या तेरा दिवसांत ज्यांनी अधिकृत घोषणेवर विसंबून अभ्यासक्रम सोडला, त्यांना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. नियम बदला, मात्र तुमच्या शब्दावर ज्याने पाऊल टाकले त्याच्या पायाखालची जमीन काढून घेऊ नका. एवढे तत्त्व मान्य करायला यंत्रणांना प्रत्येक वेळी सर्वोच्च न्यायालयाची पायरी का लागावी? हेच माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून टाकता येईल. आणि त्याने यंत्रणा मुकी होईल ही भीती मला खोटी वाटते. उलट ती घोषणा करण्याआधी दोनदा विचार करील, जे ५ नोव्हेंबरला झाले असते तर १८ नोव्हेंबर उगवलाच नसता. शब्द पाळणे जड जाईल म्हणून शब्दच देणार नाही, असे म्हणणाऱ्या यंत्रणेच्या आजच्या शब्दाची किंमतही मग उघडच आहे. 'नीट' २०२४ मध्ये १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले आणि बोभाटा झाल्यावर काढून घेतले गेले. त्या गुणांचा माहितीपत्रकात उल्लेखच नव्हता. तिथे न्यायालयाने नियम बदललेला नव्हता, साथ आलेली नव्हती. जे छापले नव्हते ते केले गेले होते.

परदेशातही गोंधळ आहेच, असे म्हणून समाधान मानणारे असतात. आहे. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी तो अनुभवला: हार्वर्डने २०२१ मध्ये पुढची कित्येक वर्षे सॅट ऐच्छिक राहील असे सांगितले आणि एप्रिल २०२४ मध्ये तो शब्द मुदतीआधीच फिरवून परीक्षा पुन्हा सक्तीची केली. प्रत्येक विद्यापीठाचा नियम तिथे निराळा. पण तिथे बरीच विद्यापीठे 'कॉमन डेटा सेट' नावाचा एकाच साच्यातला तक्ता दरवर्षी भरून प्रसिद्ध करतात. त्यातल्या ठरावीक विभागात परीक्षा सक्तीची आहे की ऐच्छिक, हे ठरावीक रकान्यात लिहिलेले असते. नियम शंभर असले तरी ते शोधायची जागा एकच राहते. आपल्याकडे राज्याच्या प्रवेशांचा कारभार बराचसा एकाच सीईटी सेलकडे आहे, म्हणजे असा तक्ता करणे तर आपल्याला त्यांच्यापेक्षा सोपे जावे: अभ्यासक्रमाचे नाव, लागणारी परीक्षा, पात्रता ठरवणारी संस्था, कायद्याचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक, शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला, त्याने काय रद्द झाले. तो मराठीत असावा, आणि प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फळ्यावर लागावा. नव्या अटी परीक्षेच्या किमान एक वर्ष आधी जाहीर व्हाव्यात. नाइलाजाने मध्येच बदलाव्या लागल्या तर जुन्या अटीवर अर्ज केलेल्यांना एक संधी राखून ठेवावी, फी परत करावी. यात नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे? कुणीही काही सांगितले की तीन गोष्टी विचाराव्यात: हा नियम कोणत्या संस्थेचा, कोणत्या शैक्षणिक वर्षाचा, आणि मूळ कागदाची तारीख कोणती. तिन्हींची उत्तरे न देता येणाऱ्याचे ऐकून घ्यावे, पण त्याच्या बोलण्यावर फॉर्म भरू नये आणि भरायचा सोडूही नये. छापलेली पहिली तारीख हीच शेवटची समजावी. अर्ज करताना माहितीपुस्तिकेची आणि त्या दिवशीच्या सूचनांची पीडीएफ तारखेसह जपून ठेवावी, कारण उद्या वाद झालाच तर 'संकेतस्थळावर तेव्हा असे होते' हे सिद्ध करायची जबाबदारी आजच्या घडीला तुमच्यावरच आहे. आणि मराठी माहितीपुस्तिका मिळाली नाही तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत, पालकांच्या सह्यांनिशी, माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाचा उल्लेख करून सीईटी सेलकडे ती लेखी मागा.